पॉइंट टू-टूचे काडतूस पुन्हा का भरू नये आणि त्याऐवजी काय करावे : मेटॅलिक सिलुएट नेमबाजीतील नवशिक्यांसाठी

मोठ्या सेंटरफायर रायफलीवरून पॉइंट टू-टूकडे, म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या लहान रायफलीकडे, वळणारा नेमबाज पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न हमखास विचारतो. मोठ्या रायफलीच्या झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या आपण घरी भरतो, दारू तोलतो, गोळी हव्या त्या खोलीवर बसवतो आणि आपल्या नळीला मानवेल असे काडतूस घडवतो. मग या लहानग्या काडतुसाच्या बाबतीत तेच का करू नये? प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर नकारार्थी आहे. पॉइंट टू-टूमध्ये काडतूस घडवण्याचे काम कारखान्याकडेच राहते आणि नेमबाजाच्या वाट्याला येते ती पारख. भरणीच्या मेजावर जे कष्ट आपण घेतले असते, तेच कष्ट निवड, चाचणी आणि नोंदी यांवर घ्यावयाचे असतात. हे काम नेमके कसे करावे, याची माहिती पुढे क्रमाने दिली आहे.

खेळाची ओळख

काडतुसाकडून आपल्याला काय हवे, हे लक्ष्य पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. मेटॅलिक सिलुएट, म्हणजे प्राण्यांच्या पोलादी आकृती गोळीने पाडण्याचा हा खेळ, मेक्सिकोचा. तेथे पूर्वी खऱ्याखुऱ्या कोंबड्या आणि मेंढे बांधून त्यांच्यावर नेम धरत असत. १९४८ साली मेक्सिको सिटीमध्ये त्या जागी पोलादी आकृती आल्या आणि पुढे हा खेळ सीमा ओलांडून अमेरिकेत रुजला. आजही अनेक रेंजवर गोळीबाराची आज्ञा 'फुएगो' या स्पॅनिश शब्दाने दिली जाते आणि लक्ष्यांची नावेही गायीना, हाबालिना, ग्वाहोलोते आणि बोर्रेगो, म्हणजे कोंबडी, रानडुक्कर, टर्की आणि मेंढा, अशीच चालत आली आहेत.

मोठ्या रायफलीच्या प्रकारात ही लक्ष्ये २००, ३००, ३८५ आणि ५०० मीटरवर असतात. पॉइंट टू-टूच्या प्रकारात आकृती आणि अंतर दोन्ही एकपंचमांश केलेले असते, म्हणून कोंबडी ४० मीटरवर, डुक्कर ६० वर, टर्की ७७ वर आणि मेंढा १०० मीटरवर उभा असतो. कोंबडी जेमतेम चार बोटांएवढी आणि मेंढा वीतभराहूनही लहान असतो. नेमबाजाने उभ्यानेच, कोणताही आधार किंवा पट्टा न वापरता, पाच आकृतींवर डावीकडून उजवीकडे एकेक गोळी झाडायची असते आणि त्यासाठी अडीच मिनिटे मिळतात. आकृती आपल्या जागेवरून पडली तरच गुण मिळतो. गोळी लागून ती नुसती खणकली किंवा जागच्या जागी फिरली, तर ती चूकच धरली जाते.

हा शेवटचा नियम काडतुसाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कागदी लक्ष्यावर कडेला लागलेली गोळीही काही गुण देऊन जाते. येथे मात्र मेंढ्याच्या पायाला खालच्या बाजूस लागलेली गोळी बहुधा वाया जाते, कारण आकृती उलथवण्यासाठी लागणारा जोर तरफेच्या न्यायाने मिळतो आणि गोळी जितकी वर लागेल तितका तो अधिक मिळतो. त्यामुळे आपल्याला असे काडतूस हवे की, ज्याच्या गोळ्या १०० मीटरवर वरखाली फार पसरणार नाहीत. डावी-उजवी चूक वाऱ्याच्या किंवा आपल्या हाताच्या माथी मारता येते. उभ्या रेषेतील पसारा मात्र पुष्कळदा काडतुसाच्या पोटातून आलेला असतो.

पुंगळी पुन्हा का भरत नाहीत

सेंटरफायर काडतुसाच्या बुडाशी मधोमध दारू पेटवणारी एक वेगळी टोपी बसवलेली असते. ती उडाली की काढून नवी बसवता येते आणि पुंगळी पुन्हा वापरता येते. पॉइंट टू-टूसारख्या रिमफायर काडतुसात अशी टोपी नसतेच. पुंगळीच्या बुडाची कड आतून पोकळ असते, पेट घेणारे संवेदनशील मिश्रण कारखान्यात त्या पोकळीत फिरवून बसवलेले असते आणि रायफलीची पिन ती कड चेपते तेव्हा ते मिश्रण पेटते. याचा अर्थ असा की, गोळी झाडताना पुंगळीचा जो भाग कामास येतो, तोच भाग कायमचा चेपला जातो. चेपलेली कड सरळ करून घेतली, तरी तो पातळ पितळी पत्रा पुन्हा दाब सहन करील याचा काहीही भरवसा देता येत नाही आणि कड फाटली तर तप्त वायू मागे, म्हणजे नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो.

दुसरी अडचण त्या मिश्रणाची आहे. घासल्याने, आपटल्याने किंवा थोड्याशा स्थिर विजेनेही भडकू शकणारा हा पदार्थ आहे. तो घरी तयार करणे किंवा हाताळणे हा छंदाचा भाग होऊ शकत नाही, एवढे येथे स्पष्ट सांगणे पुरेसे आहे. तिसरी अडचण गोळीच्या घडणीची. १८८७ साली बाजारात आलेल्या पॉइंट टू-टू लाँग रायफल या काडतुसाची गोळी पुंगळीच्या बाहेरील व्यासाएवढीच जाड असते आणि तिची फक्त अरुंद टाच पुंगळीत शिरते. ही जुन्या वळणाची रचना सर्वसाधारण भरणीच्या साच्यांत बसत नाही. अमेरिकेत अशा पुंगळ्या पुन्हा भरण्यासाठीचे संच विकले जातात हे खरे. पण ते टंचाईच्या भीतीपोटी घेतले जातात, अचूकतेसाठी नव्हे. एवढा धोका पत्करून जे हाती येते, ते दुकानातील स्वस्तातल्या डब्याइतकेही एकसारखे नसते. सिलुएटच्या सामन्यात त्याचा काहीच उपयोग नाही.

भारतातील वाचकांसाठी आणखी एक मुद्दा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळे तेथे हा प्रश्न तांत्रिक राहतच नाही. सिलुएट हा प्रकारही भारतात फारसा खेळला जात नाही. परंतु काडतूस तेच आहे. म्युनिकमध्ये २०१० साली तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोन (पालथे झोपून) प्रकारात जगज्जेत्या झाल्या, पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (तीन पवित्र्यांच्या प्रकारात) कांस्यपदक मिळवले, ते याच पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतुसाने. म्हणून काडतुसे निवडण्याची पुढे दिलेली पद्धत बालेवाडीच्या रेंजवरील नेमबाजालाही तितकीच लागू पडते.

पहिली पायरी : वेग ठरवणे

दुकानात गेल्यावर नवशिक्याचा हात आपसूक 'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेल्या डब्याकडे जातो, कारण अधिक वेग म्हणजे अधिक जोर आणि अधिक जोर म्हणजे मेंढा नक्की पडणार, असा हिशेब मनात असतो. हा हिशेब चुकीचा आहे. नेहमीच्या ४० ग्रेनच्या, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमच्या गोळीला स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसात सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेग मिळतो. हा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा किंचित कमी आहे. हाय व्हेलॉसिटी गोळी ध्वनीपेक्षा वेगाने निघते, पण १०० मीटर गाठण्याआधीच हवेच्या रेट्याने ध्वनीच्या वेगाखाली येते आणि या संक्रमणात तिचा वेग फार झपाट्याने कमी होतो. वारा गोळीला किती ढकलतो, हे तिच्या वेगावर नसून वाटेत तिचा किती वेळ वाया गेला यावर ठरते. म्हणूनच ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा स्टँडर्ड गोळीला १०० मीटरवर सुमारे १० सेंटिमीटर सरकवतो, तर हाय व्हेलॉसिटी गोळीला १४ ते १६ सेंटिमीटर. जी गोळी वेगवान म्हणून घेतली, तीच वाऱ्यात जास्त वाहवते. ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला पटत नाही, पण रेंजवर वारा सुटलेली एक सकाळ घालवली की पटते.

याहून वेगवान, अतिवेगवान म्हणून विकली जाणारी काडतुसे पोलादी आकृती खराब करतात आणि सामन्यांच्या नियमांत बसत नाहीत. पोकळ टोकाची गोळी शिकारीसाठी असते. तिचाही येथे फायदा नाही. नवशिक्याने स्टँडर्ड व्हेलॉसिटी, ४० ग्रेन, साध्या गोल टोकाच्या शिशाच्या गोळीपासून सुरुवात करावी.

दुसरी पायरी : तीन-चार प्रकार थोडे-थोडे आणणे

आरंभीच एका प्रकाराची पाच हजार काडतुसे घेऊ नयेत. सीसीआयचे स्टँडर्ड व्हेलॉसिटी, एसकेचे स्टँडर्ड प्लस आणि त्यावरच्या दर्जाचे लापुआ किंवा एली यांपैकी एखादे, असे तीन किंवा चार प्रकार प्रत्येकी दोन-तीन डबे आणावेत. एका डब्यात ५० काडतुसे असतात आणि दहा डब्यांची एक 'वीट' होते. किमतीवरून निकाल आधीच ठरवू नये. एकाच कंपनीच्या, एकाच नमुन्याच्या दोन रायफलींना वेगवेगळी काडतुसे मानवतात, हे या खेळातले जुने सत्य आहे आणि महाग काडतूस न मानवणाऱ्या नळ्याही असतात.

खरेदी करताना डब्याच्या झाकणापेक्षा त्यावर छापलेला लॉट क्रमांक अधिक काळजीपूर्वक वाचावा. लॉट म्हणजे एकाच घाण्यातून निघालेला माल. चकलीची भाजणी तीच, हात तोच, तरी पहिल्या आणि चौथ्या घाण्यात फरक पडतो. कारखान्यातही दारूची नवी खेप, यंत्राचा नवा साचा, मेणाचा थोडा वेगळा थर, अशा कारणांनी एका लॉटची काडतुसे दुसऱ्या लॉटपेक्षा निराळी वागतात. मला हे पैसे मोजून कळले. एका प्रकाराचा एक डबा माझ्या रायफलीत सुंदर चालला म्हणून मी त्याच नावाच्या पाच विटा एकदम आणल्या आणि लॉट पाहिला नाही. त्यांतील दोन विटा दुसऱ्या लॉटच्या निघाल्या. त्यांच्या गोळ्या मेंढ्यावर सातत्याने खाली लागत होत्या आणि मी अर्धा हंगाम स्वतःच्या ट्रिगरला दोष देत बसलो.

तिसरी पायरी : चाचणी

हा या लेखाचा गाभा आहे आणि घाई करू नये अशी हीच एक जागा आहे.

चाचणीसाठी वारा पडलेली पहाट निवडावी. ॲरिझोनात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना उन्हाळ्यात दुसरा पर्यायही नसतो. रायफल मेजावर, पुढे भक्कम आधार आणि मागे वाळूची पिशवी ठेवून झाडावी. येथे परीक्षा काडतुसाची आहे, आपल्या हाताची नाही. प्रत्येक प्रकाराच्या गोळीवरील मेण वेगळे असते आणि नळीत आधीच्या मेणाचा थर राहिलेला असतो, म्हणून प्रकार बदलताना नळीतून सुके फडके फिरवावे आणि नव्या प्रकाराच्या दहा-पंधरा गोळ्या हिशेबात न धरता झाडून टाकाव्यात. या गोळ्या वाया गेल्या असे वाटते, पण त्या टाळल्या तर पुढची सगळी मोजमापे खोटी ठरतात.

त्यानंतर त्या प्रकाराच्या २५ गोळ्या, पाच-पाचच्या पाच गटांत, कागदावर झाडाव्यात. प्रथम ५० मीटरवर आणि मग, शक्य असेल तर, १०० मीटरवर. ५० मीटरवरच थांबणे ही सर्वांत सामान्य चूक आहे आणि तिचे कारण साध्या गणितात आहे. समजा, दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक आहे. ५० मीटरवर या फरकामुळे त्या एकमेकींपासून फक्त सात-आठ मिलिमीटर वरखाली लागतील आणि तो फरक गटाच्या पसाऱ्यात दिसणारही नाही. १०० मीटरवर मात्र तोच फरक सुमारे तीन सेंटिमीटरचा होतो, कारण गोळीचे खाली येणे वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वीतभराहून लहान मेंढ्यावर तीन सेंटिमीटर म्हणजे पाठ आणि पोट यांमधील अंतर.

वेगमापक यंत्र असेल तर प्रत्येक गोळीचा वेग लिहून घ्यावा. चांगल्या सामना-दर्जाच्या लॉटमध्ये २५ गोळ्यांतील सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद गोळीत सेकंदाला दहा-बारा मीटरचे अंतर आढळते. स्वस्त मालात ते त्याच्या दुप्पट किंवा तिप्पट असू शकते. यंत्र नसेल तरी हरकत नाही. १०० मीटरवरील गटाची उंची आणि रुंदी वेगवेगळी मोजली की, उंची फाजील वाढलेली आहे का हे पाहून वेगाच्या एकसारखेपणाचा अंदाज येतो.

गट मोजताना दूरच्या दोन भोकांच्या बाहेरील कडांमधील अंतर घेऊन त्यातून गोळीचा व्यास, म्हणजे ५.६ मिलिमीटर, वजा करावा. पाचही गटांची सरासरी काढावी. ज्या गटामुळे छाती फुगते तो गट काडतुसाची लायकी सांगत नाही. पाच गोळ्यांचा एक सुंदर गट नशिबानेही लागतो. तसेच 'ही एक गोळी भरकटली, ती सोडून देऊ' असे म्हणू नये, कारण सामन्यात भरकटलेली गोळी कोणी सोडून देत नाही. दोन लॉटच्या सरासरीत दहा टक्क्यांचाच फरक असेल, तर २५ गोळ्यांवरून त्यांतील सरस कोणता हे ठरवताच येत नाही. अशा वेळी स्वस्त असलेला घ्यावा किंवा दोन्ही पुन्हा झाडावेत.

हे सारे स्वतः करायचे नसेल आणि खिसा जड असेल, तर उत्पादकांच्या चाचणी केंद्रांत रायफल नेता येते. लापुआची अशी केंद्रे जर्मनीत शोनेबेक येथे आणि अमेरिकेत ॲरिझोनातील मेसा येथे आहेत. तेथे रायफल यंत्रात घट्ट बसवून एकेक लॉट झाडला जातो आणि जो सरस ठरेल तोच विकत घेता येतो. नवशिक्याला त्याची गरज नाही.

कड मोजणे आणि वजन करणे

भरणीची हौस असलेले लोक येथे येतातच. काडतुसांच्या कडेची जाडी मोजून किंवा एकेक काडतूस तराजूत तोलून त्यांचे गट पाडावेत, असे सांगितले जाते. या मोजणीत काडतुसाला इजा होत नाही, म्हणून ती करण्यास हरकतही नाही. स्वस्त मालातून फारच वेगळी काडतुसे बाजूला काढण्यापुरता तिचा उपयोग होतो. चांगल्या लॉटमध्ये मात्र पुंगळी, गोळी आणि दारू यांच्या वजनातील चढउतार एकमेकांत मिसळलेले असल्याने तराजू नेमके काय सांगतो हेच कळत नाही. तेवढा वेळ रिकाम्या रायफलीने भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरण्यात घालवला, तर गुण अधिक वाढतात. मात्र त्यासाठी पुंगळीच्या आकाराचे नकली काडतूस आत ठेवावे, कारण पॉइंट टू-टूची पिन रिकाम्या खोबणीच्या कडेवर आपटून दोन्ही खराब होऊ शकतात.

चौथी पायरी : स्कोपची नोंद

लॉट ठरला की त्याच लॉटने चारही अंतरांवर स्कोप (नेम धरण्याची दुर्बीण) जुळवावा. ४० मीटरचा आकडा शून्य धरला, तर तेथून १०० मीटरला जाताना स्टँडर्ड गोळीसाठी साधारण आठ ते दहा कोनीय मिनिटे (एका अंशाचे साठ भाग) वर चढावे लागते. १०० मीटरवर एक कोनीय मिनिट म्हणजे सुमारे २.९ सेंटिमीटर. ज्या स्कोपची चकती प्रत्येक खटक्याला, म्हणजे 'क्लिक'ला, पाव मिनिट सरकते, त्यावर हे ३२ ते ४० क्लिक होतात. डुकरासाठी आणि टर्कीसाठी लागणारे क्लिक स्वतः झाडून ठरवावेत. पुस्तकी तक्त्यावर विसंबू नये. हे आकडे वहीत लिहावेत, शेजारी लॉट क्रमांक आणि त्या दिवसाचे तापमान लिहावे आणि आकड्यांची एक चिठ्ठी रायफलीच्या दस्त्याला चिकटवावी. सामन्यात अंतर बदलल्यावर क्लिक फिरवायला विसरणे हा प्रत्येकाच्या वाट्याला येणारा प्रसंग आहे. चिठ्ठी असली तर तो थोडा उशिरा येतो.

नव्याने उतरलेल्याने सरावासाठी एक आणि सामन्यासाठी दुसरे काडतूस ठेवू नये, असे माझे मत आहे. दोन काडतुसे म्हणजे दोन चिठ्ठ्या, आणि घाईच्या वेळी चुकीची चिठ्ठी वाचली जाते. उभ्याने नेम धरताना नवशिक्याचा हात जेवढा हलतो, त्यापुढे मध्यम दर्जाच्या काडतुसाचा पसारा नगण्य असतो. कोंबडीला आणि डुकराला कोणतेही नीट काडतूस पुरते. महाग काडतुसाचा फरक जाणवतो तो टर्कीवर, कारण तिचे अंग अरुंद असते आणि सर्वाधिक गुण तिथेच गळतात. पण तोपर्यंत सामन्यातील चाळीसपैकी निम्म्या आकृती पडू लागलेल्या असाव्यात. मगच एका चांगल्या लॉटची पाच हजारांची पेटी एकदम घ्यावी.

साठवण आणि सावधगिरी

काडतुसे थंड, कोरड्या जागी, मूळ डब्यातच ठेवावीत. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत विसरली, तर गोळीवरील मेण मऊ होऊन वाहते आणि चाचणीत मिळालेली एकसमानता नाहीशी होते. रेंजवरही डबा सावलीत ठेवावा.

डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण हवेच. शिशाचे बारीक कण पोलादावरून उलट उडतात. चाप ओढला आणि काडतूस पेटले नाही, तर नळी लक्ष्याकडेच रोखून किमान तीस सेकंद थांबावे आणि मगच ते बाहेर काढावे. पिनेची खूण हलकी असेल तर दोष रायफलीत असतो, खूण खोल असेल तर काडतुसात. अशा काडतुसाचा लॉट क्रमांक वहीत नोंदवावा आणि ते रेंजवरील निकामी काडतुसांच्या डब्यात टाकावे, खिशात नव्हे. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढची गोळी मुळीच झाडू नये. बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा दांडा) काढून नळीतून आरपार पाहावे, कारण आधीची गोळी आतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुगते किंवा फाटते. घड्याळ चालू असले तरी हे पाहावेच. राहिलेल्या आकृती त्या फेरीपुरत्या सोडून द्याव्यात.

घरी परतल्यावर, काही खाण्यापूर्वी, हात साबणाने स्वच्छ धुवावेत.